दीपालीच्या काखेतला तुंबा

मित्रांनो, दसरूभाऊच्या पडवीत आलात तर मान वर करून बघा. आड्याला दोरीनं बांधलेला, धुरानं तांबूस झालेला, पोटावर लाखेची काळी रेघ असलेला जो म्हातारा तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, तिथे लटकतो आहे, तो मी. माझ्या पोटात सात माणसांची आंबील मावायची. बरं, पाच धरा. म्हाताऱ्या तुंब्याला दोन माणसांची सूट द्यावी.

मी कडू निघालो म्हणून भाजीतून वाचलो. मंगलीबाईनं मला वेलीवरच वाळू दिलं. मग तिच्या नवऱ्यानं, म्हणजे दसरूभाऊनं, माझ्या देठाशी भोक पाडलं, पाणी भरून आतला गर कुजवला आणि खडे घालून मला आठ दिवस हलवलं. सगळ्या बिया गेल्या. फार वाईट वाटलं. पण गर काढल्याशिवाय कुणाची तहान भागवता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

आंबील भरण्याआधी दसरूभाऊ मला कानाशी धरायचा आणि बोटानं टिचकी मारायचा. टण्ण वाजलो की भरायचा. थप्प वाजलो असतो तर मला बाजूला ठेवलं असतं. "तुंब्याचा तडा डोळ्याले दिसत नाई, कानाले समजते," असं तो म्हणायचा. हे वाक्य विसरू नका, मित्रांनो. तो स्वतः एकदा विसरला, आणि तीच माझी सगळी गोष्ट आहे.

त्यांची लेक दीपाली मला रोज शेतावर न्यायची. धानाच्या चिखलातून जाणारा वीतभर रुंदीचा धुरा, म्हणजे बांध, अनवाणी पाय, आणि मी तिच्या काखेत. चालणं तिला माहीतच नव्हतं, नुसतं पळणं. एकदा समोरून रानडुक्कर आलं. ती डावीकडे झुकली, तसं डुक्करही तिकडेच वळलं आणि ही उजवीकडून पसार! ते डुक्कर अजून तिथेच उभं राहून विचार करतंय, असं गावात म्हणतात. आंबिलीचा थेंब सांडला नाही. एक सांडला, पण तो मी दचकलो म्हणून.

दीपालीच्या आश्रमशाळेत श्रीहरी सर आले आणि त्यांनी रग्बीचा चेंडू आणला. मंगलीबाईनं तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"सर, हा तं तुंबाच हाय! याले तोंड काऊन नाई पाडलं?"

"तोंड पाडलं तर हवा जाईल ना, बाई. हा काखेत धरायचा अन् पळायचं. पण पुढच्याले फेकायचा नाई. हातानं द्यायचा तो मागच्यालेच."

मंगलीबाईनं मान डोलावली. "मंग बरोबर हाय. जंगलात आमी तसंच चालतो. पुढचा वाट काढते, मागचा ओझं सांभाळते."

दीपालीनं चेंडू काखेत घेतला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली. तिला अडवायला निघालेल्या नऊ मुली एकमेकींवर पडल्या होत्या. त्या दिवशी माझी नोकरी गेली, पण मला राग आला नाही. चेंडूचा थोरला भाऊ म्हणून मी मनातल्या मनात मिरवलो.

मग जिल्हा झाला, राज्य झालं, देशाची जर्सी आली. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी नाटकाच्या स्टेजवर, नाटक सुरू होण्याआधी, गावानं तिला शाल-श्रीफळ दिलं. पुढे समुद्रापलीकडच्या एका क्लबनं तिला पगारावर बोलावलं. खेळायचे पैसे मिळतात, हे पटायला दसरूभाऊला आठवडा लागला. वडशाच्या स्टेशनवर गाडीत चढताना तिनं पिशवी उघडून दाखवली. आत मी होतो.

"त्याले कुठी नेतं वो?" मंगलीबाई ओरडली. "तिथी आंबील भेटते का?"

"नाई भेटत, माय. पण हा पाहिजे."

विमानतळावर एका साहेबानं मला कानाशी धरून टिचकी मारली. मी टण्ण वाजलो. साहेबानं जाऊ दिलं.

दोन हिवाळे मी तिच्या खोलीतल्या खिडकीला टांगलेला होतो. पंधराजणींच्या संघात ती अकरा नंबरची, कडेनं पळणारी. सामन्याला जाताना तिच्या मैत्रिणी शकुन म्हणून मला एकेक टिचकी मारून जायच्या. सगळ्या मला वाजवायच्या.

तिसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी दीपाली आली आणि दिवसाउजेडी पडदे ओढून बसली. कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला होता. ती दोनदा ओकली. मग तिनं घरी फोन लावला.

"बा, डोकं वाजून राह्यलं. उजेड पाह्यला का फाटल्यासारखं होते."

"रगत निघालं का?"

"नाई."

"हाड मोडलं का?"

"नाई, बा."

"मंग लागलंच नाई, पोरी. अस्वलानं पकडलेला तुहा आजा तीन कोस चालत आलता. घाबरू नको. खेळ."

दसरूभाऊ वाईट माणूस नाही, मित्रांनो. जंगलात जखम रक्तावरूनच ओळखतात, एवढंच. आणि दीपालीलाही तेच ऐकायचं होतं. पुढच्या दोन वर्षांचा करार व्हायचा होता, आणि बाकावर बसलेल्या मुलीला कुणी करार देत नाही, असं तिनं स्वतःच ठरवलं होतं. संघाचा डॉक्टर डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला प्रश्न विचारतो: मैदान कोणतं, मागचा सामना कुणी जिंकला, हे शब्द उलट्या क्रमानं सांग. तिनं आठवडाभर माझ्यासमोर बसून उत्तरं घोकली. मधेच अडायची, कपाळ दाबायची, पुन्हा सुरू करायची. मला तोंड आहे, मित्रांनो, पण जीभ नाही.

ती परीक्षेत पास झाली. शनिवारी मैदानात उतरली. चेंडू काखेत घेऊन पळाली, पडली, आणि उठली नाही. या वेळीही रक्ताचा थेंब आला नाही.

डॉक्टर नंतर म्हणाले, पहिला मार बरा होईपर्यंत थांबली असती तर बहुधा पुन्हा खेळली असती.

वडशाला उतरताना मी तिच्या हातातून निसटलो. जिच्या हातून कधी काही निसटलं नव्हतं, तिच्या हातून. घरी आल्यावर दसरूभाऊनं मला कानाशी धरून टिचकी मारली. थप्प. त्यानं लाख तापवली आणि माझा तडा भरायला बसला. दीपाली अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे मिटून बसली होती. मधेच तो थांबला.

"तुंबा वाजवून पाह्यला मी," तो म्हणाला. "तुले नाई वाजवून पाह्यलं वो. तू सांगून राह्यली होती, अन् मी रगत इचारत बसलो."

"कोणाले काय इचारलं, बा?" दीपालीनं विचारलं. तो पुन्हा तड्यात लाख भरू लागला. ती नावं विसरते, मधेच शब्द विसरते. मंगलीबाई तिच्यासमोर हसते आणि चुलीपाशी जाऊन रडते.

परवा रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिनं आपणहून मला खाली काढलं, आंबील भरली आणि काखेत मारून धुऱ्यावरून पळाली. किती वर्षांनी! मी तर डुकराला हाक मारणार होतो. पण अर्ध्या वाटेवर ती थांबली. चारी बाजूंना पाणी चमकत होतं आणि तिचे डोळे मिटत होते. शेत कुठे, घर कुठे, तिला उमगेना.

ती आल्यापासून दसरूभाऊ तिच्या मागे दहा पावलांवर चालतो. त्यानं हाक मारून तिला दचकवलं नाही. जवळ आला आणि दोन्ही हात पसरून हळूच म्हणाला, "मागं दे, पोरी."

तिनं वळून पाहिलं नाही. कमरेतून झुकली आणि मला मागे सोडलं. बूच उडालं, अर्धी आंबील चिखलात गेली. पण दसरूभाऊनं मला छातीशी धरलं.

"सांडली, बा," ती म्हणाली.

"सांडू दे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. वेलीला दर वर्षी तुंबे लागतात. पण तुमच्यातलं कुणी डोकं वाजतंय म्हणालं, तर रक्त शोधू नका. त्याला खेळातून बाहेर काढा, जवळ बसा, आणि तो काय सांगतो ते ऐका.

आणि एक कबुली. माझ्या पोटात सात नाही, पाचही नाही, तीनच माणसांची आंबील मावते. या घरात माणसं तीनच आहेत. रोज सकाळी दसरूभाऊ मला वाजवतो, मी थप्प वाजतो, तरीही तो मला भरतो, आणि तिच्या मागे दहा पावलांवर चालू लागतो.