सोमवारचा चौकोन

मुलांनो, जरा समजा हं. तुमच्या घरी दर दोन महिन्यांनी एक नवा माणूस येतो. आंघोळीचं पाणी तुम्हाला किती कोमट लागतं, मोज्याची शिवण टोचली की तुम्ही का रडता, हे सगळं त्याला पहिल्यापासून सांगायचं. त्याला कळू लागतं न लागतं तोच तो निघून जातो. आणि सांगावं म्हटलं, तर तुमच्याजवळ शब्द चार-सहाच.

टास्मानियातल्या बर्नी गावात क्लाइव्हचं असंच चाललं होतं. वय सेहेचाळीस, अंगानं दांडगा, पण जन्मापासून बुद्धीची वाढ कमी झालेली. त्याच्या वतीनं सांगायचं काम त्याची चौऱ्याहत्तर वर्षांची आई नोरीन करी. सांगून सांगून ती थकली होती. शेवटी तिनं अकरा पानं लिहून फाइलच केली.

येत्या सोमवारी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. त्याआधी नीट मदतनीस मिळाला नाही, तर क्लाइव्हला सहा आठवडे लॉन्सेस्टन शहरातल्या दिव्यांगांच्या निवासात ठेवावं लागणार होतं. मागच्या खेपेला तिथं त्यानं चार दिवस घास घेतला नव्हता.

फ्रिजवर आठवड्याचा तक्ता होता. ज्या दिवशी जो येणार, त्याचा फोटो त्या वाराच्या चौकोनात चुंबकानं लावायचा, म्हणजे क्लाइव्हला कळे. जूनमध्ये नोरीननं एकाचा फोटो तो यायच्या आधीच लावला. तो आलाच नाही. क्लाइव्ह अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभा राहिला. तेव्हापासून माणूस खरोखर आल्याशिवाय ती फोटो लावत नसे. सोडून गेलेल्यांचे फोटो बिस्किटांच्या डब्यात पडून होते. एकोणीस.

"आजी, सकाळचा दादा बरा होता की," सुट्टीला आलेली नऊ वर्षांची नात ब्रायडी म्हणाली.

"बरा होता. पण तुझ्या मामाशी ओरडून बोलत होता. मामा बहिरा नाहीये."

"आणि गेल्या बुधवारची ताई?"

"तिनं मामाला डबे ढकलू दिले नाहीत. म्हणे, कागदावर लिहिलेलं नाही."

दर बुधवारी दुपारी गल्लीतल्या सातही घरांचे कचऱ्याचे डबे क्लाइव्ह रस्त्याकडेला नेऊन लावी. अकरा पानांत नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

आज बुधवारच होता. या कामासाठी भेटायला येणारी चौथी उमेदवार तीनला येणार होती. सव्वातीन झाले.

"हीही नाही येत," म्हणत नोरीननं चहाचं आधण ठेवलं.

"आजी, एक बाई मामाबरोबर डबा ओढतेय," खिडकीतून ब्रायडी म्हणाली.

सेफिना आत आली ती हात झटकत. मूळची टोंगा बेटांवरची, पन्नाशीची, भक्कम बाई. मागून क्लाइव्ह.

"उशीर झाला. यांनी फाटकातच कामाला लावलं. मी हिरव्या झाकणाचा डबा धरला, तर माझा हात बाजूला केला. आज पिवळ्याची पाळी म्हणे."

"म्हणे? तो बोलला तुझ्याशी?"

"बोलायचं काय त्यात? दाखवलं की."

नोरीननं फाइल पुढं सरकवली. "वाचते," सेफिना म्हणाली, "पण आधी यांना चहा द्या. हात गारठलेत त्यांचे."

नोरीननं चहा दिला आणि एकच विचारलं, "किती दिवस टिकशील, बाई?"

"फेब्रुवारीपर्यंत नक्की. मग ब्रिस्बेनला लेकीचं बाळंतपण आहे. पुढचं आत्ता कसं सांगू?"

"बाकीचे सगळे कायमचे राहणार होते."

"मग कुठायत ते?"

"बिस्किटांच्या डब्यात," नोरीन म्हणाली, आणि नको नको म्हणताना तिला हसू आलं. मग ती खुर्चीत टेकली. फेब्रुवारी म्हणजे पाच महिने. पुन्हा अकरा पानं, पुन्हा नवी माणसं. पण खोटं बोलली नव्हती ही.

"सोमवारी सकाळी सातला ये," ती म्हणाली.

क्लाइव्ह फ्रिजपाशी गेला. सोमवारच्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, "कोण?"

"मी. सेफिना," सेफिनानं थेट त्यालाच सांगितलं.

त्यानं बोट काढलं नाही. "कोण?"

"आजी, फोटो काढू?" ब्रायडीनं विचारलं.

"आली की बघू," नोरीन म्हणाली. पण तिचं लक्ष त्या बोटाकडं होतं.

ब्रायडीनं फाइलचं शेवटचं कोरं पान फाडलं. जाड, कुरळ्या केसांची एक बाई काढली, तिच्या हातात पिवळ्या झाकणाचा डबा दिला. मग आजीकडं पाहिलं. आजी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

ब्रायडीनं चित्र स्वतः लावलं नाही. ते मामाच्या एका हातात दिलं, आणि दुसऱ्या हातात चुंबक.