अर्धी दाढी

"आता मी बाप," मोठ्या बाई म्हणाल्या आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. "फोन वाजला, मी उचलला. बोल."

धाकट्या बाईची शाळेतली नोकरी अगदी नवी होती. वर्गातल्या पोरांची तिला भीती वाटत नसे. त्यांच्या आईबापांची वाटे.

"नमस्कार, मी शाळेतून बोलतेय. तुमच्याशी जरा बोलायचं होतं. आत्ता वेळ आहे का? निवांत बसला आहात ना?"

"शाब्बास. आवाज तेवढा पोटातून काढ. मांजराच्या पिल्लासारखा नको."

नव्या शिक्षकांना घरच्यांशी बोलायला शिकवायचं काम वर्षानुवर्षं मोठ्या बाईंकडेच होतं. पहिला फोन तक्रारीचा नाही, कौतुकाचा करायचा, हा त्यांचा नियम. आणि एकदम अंगावर जायचं नाही. आधी वेळ आहे का ते विचारायचं, माणसाला बसू द्यायचं.

"त्या सलूनवाल्याच्या मुलीचं सांगणार होतीस ना? लाव आता खराखुरा."

फोन लागला. मागे पंख्याची घरघर आणि रेडिओ.

"हां, बोला."

पाठ केलेलं तिनं एका दमात म्हणून टाकलं. मग त्याचा आवाज आला, पार खाली गेलेला.

"बसू कशाला?"

असं कुणी विचारेल हे सरावात आलंच नव्हतं. पुढचं सगळं ती विसरली.

"तुमच्या मुलीबद्दल आहे. तुम्ही आधी बसून घ्या."

काहीतरी खणखणत खाली पडलं. धावत्या पायांचा आवाज आला आणि कुणीतरी ओरडलं, "अहो! अहो, अर्धी दाढी राहिली!"

"ती बरी आहे!" धाकटी बाई फोनमध्ये ओरडली. "ऐका ना, काही झालेलं नाही!" रेडिओ चालूच होता. मग खुडबुड झाली.

"कोण बोलतंय?"

"मी शाळेतली बाई. ते कुठे गेले?"

"तुमच्याकडेच निघालाय पळत. हातात वस्तरा तसाच. अन् मी बसलोय अर्ध्या तोंडाला फेस घेऊन. काय झालं पोरीला?"

"काही नाही हो! चांगलंच सांगायचं होतं."

"मग चांगलं सांगायला बसायला कशाला लावता, बाई?" माणसाचा आवाज उतरला. "त्याची बायको गेली तेव्हा दवाखान्यातून अस्साच फोन आला होता. वेळ आहे का, बसून घ्या. मी तेव्हाही याच खुर्चीत होतो."

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "फाटकाकडे पळ," त्या म्हणाल्या. "मधे मोठा रस्ता आहे."

ती फाटकाशी पोचली तेव्हा तो पलीकडच्या कडेला होता. पायात एकच चप्पल. त्यानं डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. ट्रकचा ब्रेक करकचून वाजला आणि तिनं डोळे मिटून घेतले. उघडायचा धीर होईना. उघडले तेव्हा तो अलीकडे होता आणि पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली होती.

"आधी ते हत्यार खाली ठेव!"

आपल्या हातात काय आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

"मुलगी बरी आहे!" ती ओरडली. आवाज पोटातून आला.

"बघू द्या," तो म्हणाला.

वस्तरा पहारेकऱ्याकडे ठेवून ती त्याला वर्गाच्या खिडकीशी घेऊन गेली. मुलगी पेन्सिल चावत फळ्याकडे बघत होती. तिचा भांग पट्टीनं आखावा तसा सरळ होता. बापाच्याच हातचा. त्यानं तिला हाक मारली नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. बसा म्हणावं लागलं नाही.

मोठ्या बाई पाणी घेऊन आल्या. "हिला तसं बोलायला मीच शिकवलं. काय बोलायचं ते मला बोला."

त्यानं पाणी घेतलं, पण उत्तर धाकट्या बाईकडे मागितलं. "काय सांगणार होता?"

"आज ती वर्गात हसली. मोठ्यानं. मी आल्यापासून पहिल्यांदाच."

"कशावर?"

"माझ्यावर. फळ्याला टेकले आणि अख्खी बेरीज पाठीवर घेऊन वर्गभर फिरले."

"घरी नाही हसत," तो म्हणाला. मग उठला. "दुकानात जातो. गिऱ्हाईक अर्धं सोडून आलोय. मी पोचलो की परत फोन करा. पहिल्यापासून."

"आता कशाला हो?"

"नाही केलात, तर यापुढे शाळेचा फोन मला उचलवणार नाही."

पहारेकऱ्याकडून वस्तरा घेऊन त्यानं पँटला पुसला आणि मिटला. रस्ता ओलांडताना मात्र दोन्हीकडे पाहिलं.

या वेळी मोठ्या बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या नाहीत. समोर बसल्या. धाकट्या बाईनं फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद पडली. तिनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. तिनं परत लावला. पुन्हा वाजत राहिली. आता बंद पडणार असं वाटलं, तेवढ्यात उचलला गेला. नुसती पंख्याची घरघर. रेडिओ बंद होता.

"मुलगी बरी आहे," ती म्हणाली.

पलीकडे श्वास सुटला. मागून गिऱ्हाईकानं हळूच विचारलं, "काय म्हणतात?"

"थांबा हो जरा," तो त्याला म्हणाला. एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हां बाई. आता सांगा. कशावर हसली?"