नागप्पांनी वळून पाहिलं

"दाजी, मागं बघू नगा," शांतम्माचा भाऊ सिद्रामप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "माती दिल्यावर बघू न्हाई. जीव घुटमळतो."

नागप्पा रुद्रभूमीच्या फाटकात थांबले. सगळ्यांदेखत पूर्ण वळले आणि बायकोवरच्या ओल्या मातीकडे बघत राहिले. बाया कुजबुजल्या. अप्पा का वळले, हे त्यांच्या लेकीला, भागम्माला एकटीलाच ठाऊक होतं.

परभणीत नागप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत घर. तीस वर्षं ते रस्त्याकडे तोंड करून बसले. शांतम्मा स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीशी बोलायची.

"ऐकू यायलंय का? का मी बी एखाद्या स्टेशनावरून बोलायलेय?"

"हं," नागप्पा मान न वळवता म्हणायचे.

गेल्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर बंद होतं. दुकानाला फळ्या लावून तिघं घरातच होती. शांतम्मा अंथरुणाला खिळलेली. नुकत्याच दुरुस्त केलेल्या रेडिओवर कुणीतरी परदेशी माणूस आर्त गाऊ लागला. भागम्मा कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती, तिला निवेदकाचं इंग्रजी कळत होतं; ती दोघांना सांगत गेली. फ्रान्समधलं दोनशे वर्षांपूर्वीचं संगीत नाटक. कथा ग्रीक पुराणातली. मेलेल्या बायकोला परत आणायला नवरा पाताळात उतरतो. अट एकच, वर येईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. आणि ती मागून विनवत राहते, एकदा तरी बघ, मी नकोशी झाले का?

"अगं बया! ही तर माझंच गाऱ्हाणं गायलीय," शांतम्मा खोकत हसली.

नाटकातला नवरा वळला. ती कोसळली. तेवढ्यात रेडिओत खरखर सुरू झाली.

"फुडं काय झालं?" नागप्पांनी विचारलं.

भागम्मानं आईच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "प्रेमाचा देव तिला पुन्हा उठवतो."

नाटकात तसंच होतं, निवेदकानं आधीच सांगितलं होतं. मूळ कथेत ती कायमची जाते, हे तिनं वाचलं होतं, पण सांगितलं नाही.

मातीनंतर पाचव्या दिवशी नागप्पांनी दुकान उघडलं. आधी टेबल ओढून फिरवलं, खुर्ची रस्त्याकडे पाठ करून ठेवली.

"भागू, ते रेडिओवरच्या नाटकातलं शेवटचं... पुराणाच्या पुस्तकात बी तसंच हाय ना?"

तिनं त्या फिरवलेल्या खुर्चीकडे पाहिलं.

"तसंच हाय, अप्पा."

ते बसले. समोर स्वयंपाकघराचं रिकामं दार होतं.

"मामा, माझा रेडिओ झाला का?" पाठीमागून, रस्त्यावरून गिऱ्हाइकानं हाक मारली.

दारावरची नजर न काढता नागप्पा म्हणाले, "हं."