नाकातली नळी

आईचे दोन्ही हात पट्टीनं खाटेला बांधलेले पाहून बायनाबाई वॉर्डाच्या दारातच थबकली. आईच्या नाकात रबरी नळी होती, आणि नर्स पिचकारीनं त्यात दूध सोडत होती.

"हात काऊन बांधले?"

"नळी ओढते. मीच सांगतलं बांधाले," धाकटा भाऊ गुणवंत म्हणाला.

गुणवंत चंद्रपूरला नोकरीला होता. म्हातारी रुखमा धानोऱ्याला लेकीकडे राहायची. बरीच वर्षं ती कुणालाच ओळखत नव्हती, आणि यंदा घास गिळणंही विसरत चालली होती. बायना मोहफुलं वेचायला रानात गेली असताना गुणवंत जीप घेऊन आला आणि आईला गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. बहिणीला विचारलंही नाही.

"उपाशी मारून राह्यली होती तू तिले, बाई!"

"एक वाटी पेज भरवाले माही अर्धी दुपार जाते. तू भरवली कधी? घे, भरव."

तिनं डब्यातली पेज त्याच्यापुढं आदळली. नर्स नको नको म्हणत असतानाच त्यानं चमचा आईच्या ओठांना लावला. म्हातारीनं तोंड घट्ट मिटून मान फिरवली. त्यानं आणखी रेटला. पेज गळ्यावर ओघळली.

"हिले काईच समजत नाई!" तो ओरडला.

"मंग ही नळी कोनासाठी? तुह्यासाठी?"

त्यानं हात उगारला. नर्स मधे पडली.

"नळीनं हा आजार बरा होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "ठेवायची की काढायची, ते दोघं मिळून सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

सकाळी गुणवंत चहाला गेला तशी बायनानं पट्ट्या सोडल्या. आईच्या मनगटांवर लाल वळ उठले होते. म्हातारीचा हात नाकाकडे गेला. बायना बघत राहिली. तिनं अडवलं नाही. नळी बाहेर आली.

आपल्या जबाबदारीवर नेत असल्याच्या कागदावर बायनानं अंगठा दिला आणि आईला उचलून एसटी गाठली. गुणवंत खिडकीशी धावत आला. "मेली तं तुह्या माथी!"

पावसाआधीच रुखमा गेली. गुणवंतनं खांदा दिला, पण नंतर घरी झालेल्या बुद्धवंदनेला बहिणीशेजारी बसला नाही. लोक उठू लागले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "हिनं मारली माह्या मायले."

"सांग, साऱ्या गावाले सांग," बायना म्हणाली. "अन् आता निघ माह्या घरून."

दोन वर्षांनी बायनाच्या पोरीचं लग्न झालं. चंद्रपूरला निरोप गेला नाही.