तिसऱ्या धक्क्याखालची सावली

"पाणी मेलंय," आर्विड नीमी म्हणाले आणि त्यांनी गेमचा कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला.

त्यांच्या मुलाने, केंटने, डोळे मिटून घेतले. चार शनिवार झाले, तो हेच ऐकत होता. सत्याहत्तरीच्या बापाला या हिवाळ्यात गुडघ्याने दगा दिला. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायचं बंद झालं, तेव्हा त्यांना पंचवीस वर्षांपूर्वीचा आपला मासेमारीचा गेम आठवला. जुन्या कन्सोलने तर कधीच राम म्हटला होता. मग केंटने हौसेने एक छोटा कॉम्प्युटर आणला, त्यात जुन्या कन्सोलची नक्कल करणारा एम्युलेटर बसवला, डिस्कवरचा गेम त्यात उतरवला आणि चित्राचं रिझोल्यूशन मूळच्या आठपट केलं. काठावरच्या गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं, असं चित्र. त्या गेमने बापजन्मात स्वतःला इतकं देखणं पाहिलं नसेल. आणि म्हाताऱ्याला त्याचं काय कौतुक? काडीचं नाही.

"बाबा, पाणी आरशासारखं दिसतंय. तळाचे गोटे दिसतायत."

"गोटे कशाला बघू? मला सावली बघायचीय. तिसऱ्या धक्क्याखाली तो मोठा पाइक मासा येतो ना, तो गळाला लागायच्या आधी पाण्यात काळी सावली सरकते. ती दिसली की गळ टाकायचा. तुझी आई इथे बसून स्वेटर विणायची. मान वर न करता म्हणायची, आला बघ म्हातारा."

"अशी सावली या गेममध्ये नाहीये."

"आहे."

"मी सगळं इंटरनेट पालथं घातलंय, बाबा. कोणी म्हणजे कोणी तिचं नाव काढलेलं नाही."

"इंटरनेटला तुझी आई ठाऊक होती का?"

केंटने आठपटचं सहापट केलं. सावली नाही. चारपट केलं, कडा गुळगुळीत करणारी सोय चालू केली, मग बंद केली. सावली नाही. म्हातारा दर खेपेला तिसऱ्या धक्क्यापर्यंत होडी न्यायचा, पाच मिनिटं टक लावून बघायचा आणि मान हलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

गोष्ट नुसती गेमची असती तर केंटने कधीच हात झटकले असते. पण मोठी बहीण मार्लिस उद्या मिनियापोलिसहून येणार होती, वृद्धाश्रमाचे कागद घेऊन. बाबा एकटे राहण्याजोगे उरले नाहीत, असं तिचं ठाम मत होतं. "त्यांना भास होतात, केंट. तू दर आठवड्याला जातोस ना? मग जरा लिहून ठेव," असं तिने फोनवर बजावलं होतं. तो फोनमध्ये लिहीत होता. नळ उघडा राहिला, लिहिलं. शेजाऱ्याचं नाव चुकलं, लिहिलं. तळघरात पाणी ठिबकतं म्हणतात, तेही लिहिलं. ते गाऱ्हाणं ऐकवताना म्हातारा म्हणाला होता, "जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला टॉर्च आहे, जाऊन बघ की." केंट गेला नव्हता. त्याला तेव्हा रिझोल्यूशन लावायचं होतं.

आज दुपारी त्याने यादीत आणखी एक ओळ घातली: गेममध्ये नसलेली सावली दिसते म्हणतात. आणि मार्लिसला कळवलं: "तुझंच खरं. उद्या सही करतो."

"कोणाला लिहितोयस?" आर्विडनी विचारलं होतं.

"ऑफिसचं काम."

म्हाताऱ्याने कॉफी ओतून घेतली.

आता चार वाजत आले होते आणि म्हातारा पुन्हा तेच दळण दळत होता, पाणी मेलंय, पाणी मेलंय. केंटचं डोकं फिरलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आता मी चित्र मूळ मापावर आणतो. कंपनीने केलं होतं अगदी तसं. काही म्हणजे काही वाढवायचं नाही. घाण दिसेल, पण बघा एकदाचं, आणि मग सावलीचं नाव काढू नका. कबूल?"

"मी पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय, होतं तसं दाखव म्हणून. तूच आपलं घोडं पुढे दामटतोयस."

केंटने आठपटचं एकपट केलं. चित्र फुटलं. गवताचे हिरवे चौकोन झाले, धक्क्याच्या फळ्या दातेरी दिसायला लागल्या. केंटला बघवेना. आर्विडनी चष्मा पुसला, कंट्रोलर उचलला आणि होडी तिसऱ्या धक्क्याशी नेऊन उभी केली.

दोन मिनिटं गेली. केंट मनातल्या मनात वाक्य जुळवत होता, पटलं ना आता, असं काहीतरी.

तेवढ्यात धक्क्याखालून एक काळपट, लांबट डाग निघाला आणि होडीकडे सरकत आला.

"आला बघ म्हातारा," आर्विड हळूच म्हणाले आणि त्यांनी गळ टाकला.

पाइक लागला. कंट्रोलर थरथरला. केंट जागचा हलला नाही. त्याला सगळं उमगलं, आणि उमगलं तेच वाईट होतं. गेमने ती सावली आपल्या मूळच्या छोट्या चित्राच्या मापाने बेतली होती. चित्र मोठं केलं की पाण्यावर ती उमटतच नसे. मोठं कोणी केलं? त्यानेच, हौसेने. स्वतः सावली पुसली आणि बापाला भास होतात म्हणून कळवून मोकळा झाला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की टीव्हीकडे बघवेना.

त्याने फोन काढला. "थांब," त्याने मार्लिसला लिहिलं. "सही करत नाही. बाबांचं बरोबर होतं, चूक माझी होती. उद्या ये, पण कागद आणू नकोस."

"ऑफिसला कळवलंस?" पडद्यावरून नजर न काढता आर्विडनी विचारलं.

केंटने फोन पटकन उलटा धरला.

"त्या यादीत हेही लिही," ते म्हणाले. "सावली होती म्हणून."

"बाबा, तुम्हाला यादीचं..."

"डोळे अधू झालेत लेका, अक्कल नाही. तू फोन उघडाच टेबलावर टाकून बाथरूमला जातोस."

केंटने यादी उघडली. शेवटची ओळ खोडली. मग त्याची नजर वरच्या, तळघराच्या ओळीवर थांबली आणि तो उठला.

"बाबा, टॉर्च कुठे म्हणालात?"

"महिन्याभरापूर्वी सांगितला होता तिथेच," आर्विड म्हणाले. "आणि बूट घालून जा. एव्हाना पाणी घोट्यापर्यंत आलं असेल."