माझा हात भिंतीवर टांगलाय

साहेब, माझा हात तुम्ही काढलात. भर सभेत, माईकसमोर, लोक टाळ्या वाजवत असताना. दुष्काळानं काढला नाही, चोरानं काढला नाही. तुम्ही काढलात आणि हसत हसत दुसऱ्याच्या हवाली केलात. आता सगळं ऐकून घ्या. मधेच फोन आला म्हणून उठू नका.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. मी एक छोटा, लाल ट्रॅक्टर आहे. लाल आपलं म्हणायचं म्हणून. नांदूरघाटच्या वरच्या अंगाला माळावर शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था आहे, तिच्या पत्र्याच्या शेडात मी उभा असतो. मी गावात आलो तेव्हा लोक हसले. "हे काय रं? जत्रंतून आणलं का?" पण कापसाच्या दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही, मी शिरतो. हलक्या रानात मोठा माती दाबून टाकतो, मी टाकत नाही. पहिल्या हंगामात हसणाऱ्यांचीच रांग लागली.

माझ्या पाठीला तीन हात. दोन खाली, एक वर. खालचे दोन अवजार उचलतात, वरचा त्याला सरळ धरतो. त्या वरच्या दांड्याला टॉपलिंक म्हणतात. दिसायला काही नाही, हातभर लोखंड. पण तो नसेल तर नांगर काय, रोटावेटर काय, पेरणीयंत्र काय, सगळं मागे लोळतं. कारखान्यातून निघालो तेव्हा मला तिन्ही हात होते, हे ध्यानात ठेवा.

सटवा माझा ड्रायव्हर. सकाळी शेणखताची ट्रॉली, मग कुणाची वखरपाळी, कुणाची कोळपणी, दुपारी दळणाची पोती. उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढायची, तळ्यातला गाळ वाहायचा. सटवा रोज अंगावरची धूळ पुसायचा आणि म्हणायचा, "आज लई राबलास गड्या." मित्रांनो, यंत्राला याहून जास्त काही लागत नाही.

मग संस्थेला चांगल्या कामाची ढाल मिळाली, आणि तिथंच घात झाला. ढाल द्यायला आमदारसाहेब आले. स्टेजवरच संचालकांची जुंपली, ट्रॅक्टर कोणाच्या वाड्यापुढे उभा राहायचा? साहेबांनी तोड काढली. सगळ्यांना मान! अध्यक्षांच्या नावानं मी, उभा मात्र शेडातच. एकाकडे पेरणीयंत्र, एकाकडे रोटावेटर, एकाकडे ट्रॉली. उरले अर्जुनराव. त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं आणि ते चपला घालून निघाले होते. तेव्हा साहेब खाली उतरले, माझी पिन ओढली, टॉपलिंक काढला आणि अर्जुनरावांच्या हातात ठेवला. वर स्वतःच्या गळ्यातला हार त्याला घातला. लग्नात मानपान वाटतात ना, तसं मला वाटून टाकलं. टाळ्या तर इतक्या वाजल्या की सटवा काय ओरडतोय ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

त्या साली मृग कोरडा गेला. पुढची नक्षत्रंही गेली. एकदम हस्तात एक पाऊस पडला, एकच.

आता भिवराबाईचं सांगतो. ती संस्थेची सभासद. माळावर तिचं थोडं हलकं रान. मागच्या दुष्काळात बैल विकावे लागले. दर साली नवरा-बायको ऊसतोडीला जातात, सासू सुंदरबाई मागे राहते. जायच्या आधी ज्वारी पेरून जायची, ही त्यांची रीत. ती ज्वारी म्हणजे सुंदरबाईची भाकरी, आणि कडबा म्हणजे घरच्या एकुलत्या गाईचा चारा. पेरणी चुकली तर म्हातारीनं मागे खायचं काय?

पाऊस उघडला, वाफसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी झाली. भिवराबाईनं मातीचा मुटका वळला, खाली टाकला, तो हवा तसा फुटला. ती पळतच शेडात आली. "सटवा भाऊ, आज पेरा. हलकं रान हाय, उद्यापत्तूर ओल ऱ्हाती. उद्या सांजच्याला तोडीवर न्यायला मुकादमाचा ट्रक येतोय."

पेरणीयंत्र मिळालं. टॉपलिंकासाठी सटवा अर्जुनरावांच्या बैठकीत गेला. परत येऊन त्यानं जे सांगितलं ते तसंच्या तसं सांगतो. माझा हात भिंतीवर टांगला होता. एका बाजूला वडिलांचा फोटो, एका बाजूला साहेबांचा. मधे माझा हात, सुकलेल्या हारासकट.

"अर्जुनराव, टॉपलिंक द्या. वाफसा चाललाय."

"तू कोण? डायव्हर. अध्यक्षाला धाड. रीतसर बोलावणं पायजे."

"अवो, ते लोखंड हाय, देव न्हाई!"

"मग साहेबांनी हार कशाला घातला असता?"

सटवा अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष म्हणाले, "मी त्याच्या दारात जाऊ? माझा मान काय ऱ्हाईल?" मोठ्या ट्रॅक्टरचा दांडा मला बसत नाही. केजच्या दुकानात माझ्या मापाचा नव्हता. मागवायचा तर संचालकांचा ठराव पाहिजे, आणि ठरावाला अर्जुनराव सभेत यायला पाहिजेत. साखळी बांधून बघितली, पेरणीयंत्र नाकावर आपटलं. साहेबांना फोन लावला. ते दुष्काळाच्या बैठकीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई कुंकू, अक्षता घेऊन अर्जुनरावांच्या दारात गेली. मागे चार बाया आणि एक हलगीवाला. "चला मानकरी! नवरदेव मांडवात खोळंबलाय, तुमच्याबिगर अक्षता पडना!" बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. कुणालाही कळलं असतं की ही थुंकतेय तोंडावर. अर्जुनरावांना कळलं नाही. ते खुलले. त्यांनी अंघोळ केली, फेटा बांधला, फेटा नीट बसेना म्हणून परत बांधला. वरच्या आळीनं हलगी फिरली पाहिजे म्हणाले. फिरली. चौकात थांबून फोटो काढले. माझा हात त्यांच्या डोक्यावर होता आणि सूर्यही.

ते शेडात पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सटवानं त्यांच्या हातातून टॉपलिंक हिसकावला, पिन घातली आणि मला पळवत रानात नेलं. भिवराबाईनं पुन्हा माती उचलली. मुटका वळलाच नाही. बोटांतून धूळ गळाली. पेरणीयंत्राचे फण खालपर्यंत खुपसले तरी धूळच.

"पेरा," ती म्हणाली. "बी घरात ठिवून तरी काय करू?"

तिच्या रानात मी शेवटची वळणं घेत होतो तेव्हा ट्रकनं हॉर्न मारला. ती बांधावरूनच गेली. सासूच्या पाया पडायलासुद्धा घराकडे वळली नाही. अर्जुनराव मात्र हात परत न्यायला बांधावर उभे होते. नेला. आज तो पुन्हा भिंतीवर आहे.

ज्वारी उगवली ती फक्त खोलगट कोपऱ्यात, जिथं ओल टिकली होती. तेवढ्या पट्ट्यात सुंदरबाई रोज जाऊन बसते, पाखरं हाकलते. बाकीच्या रानात हाकलायला पाखरंही येत नाहीत.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, वंगण द्या, असं तुम्हाला शाळेत सांगतात. खरं आहे, करा. पण सटवानं ते सगळं केलं होतं. माझा एक बोल्ट ढिला नव्हता. तुम्ही मोठे होऊन कुठल्या संस्थेत बसाल, तेव्हा यंत्र फोडून मान वाटू नका, आणि कुणी वाटायला लागला तर टाळ्या वाजवू नका.

आणि साहेब, तुम्ही. परवा तुम्ही रेडिओवर बोललात. आमच्या भागात पेरण्या झाल्या नाहीत कारण निसर्ग कोपला, म्हणालात. पाऊस पडला होता, साहेब. वाफसा आला होता. बी होतं, डिझेल होतं, ड्रायव्हर होता, मी होतो. मग भिवराबाईचं रान रिकामं का राहिलं?

मला सांगू नका. मी लोखंड आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला ट्रक परत येईल, भिवराबाई उतरेल आणि धान्याच्या कणगीत हात घालेल. त्या वेळी तिच्या दारात या. हार नको, माईक नको. येताना अर्जुनरावांच्या भिंतीवरून माझा हात उतरवून आणा, आणि सुंदरबाईनं इतके महिने काय खाल्लं ते तिच्यासमोर उभं राहून विचारा. मग भिवराबाईला उत्तर द्या.

येणार का?