धोंड्याचं जेवण बालीत

शालू गेल्याचं मारुतीला कळलं तेव्हा तो तारापूर एमआयडीसीतल्या कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरपाशी उभा होता. मोबाईल आत न्यायला बंदी होती, म्हणून गेटवरचा वॉचमन धापा टाकत आला आणि म्हणाला, "मारुतीभाऊ, घर से फोन है, जल्दी चलो." शालू दोन दिवसांसाठी माकुणसारला माहेरी गेली होती. आईबरोबर अंगणात भिजवलेले वाल सोलत बसली होती, तिथंच कलंडली. पालघरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मारुती माकुणसारला पोचला तेव्हा ओटी माणसांनी भरली होती. त्याची सासू राहीबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. जावयासमोर ती कायम तसा ओढायची. त्या दिवशीही ते चुकलं नाही.

नंतर वर्षश्राद्ध झालं आणि जाणं-येणं हळूहळू कमी झालं. मारुती मूळचा साताऱ्याकडचा. आई-वडील त्याच्या लग्नानंतर काही वर्षांनी गेले होते. बोईसरला नोकरीला लागला, माकुणसारची मुलगी केली, आणि तीस वर्षं त्याला गाव म्हणून जे काही होतं ते माकुणसारच होतं. शालू असताना राहीबाई महिन्यातून एकदा तरी पिशवीत नारळ आणि केळीची फणी घेऊन बोईसरला यायची. आता येत नव्हती. मारुती गेला की चहा मिळायचा, तब्येतीची विचारपूस व्हायची, पण ती पाहुण्याची करतात तशी. बायको गेली ती गेलीच, आता तिची माणसंही सुटत चालली, असं त्याला परतताना स्कूटरवर दर वेळी वाटायचं. हे कुणाला बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

त्याची मुलगी उत्कर्षा पुण्याला एका कंपनीत होती. एक जूनला बाबांना साठ पूर्ण होणार, हे तिनं दिवाळीपासूनच धरून ठेवलं होतं. एक जून ही तारीख तशी शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेली. खरी कुणालाच माहीत नाही. कारखान्यात निम्म्या जुन्या माणसांचा वाढदिवस एक जूनलाच यायचा आणि सगळ्यांत मिळून एकच केक कापला जायचा. साताऱ्याकडच्या भावाचं म्हणणं होतं की साठीशांत करू. मारुतीनं विचारलं, शेजारच्या पाटावर कोण बसणार?

मग उत्कर्षाच म्हणाली की शांत नको, समुद्रावर जाऊ. समुद्र चिंचणीला आहेच की, मारुती म्हणाला. त्यावर ती म्हणाली, की चिंचणीला तुम्ही बोंबील घेता आणि परत येता, समुद्राकडे बघतसुद्धा नाही. तिनं बाली नावाचं बेट शोधलं होतं. तिथं किनाऱ्याला लागून एक रिसॉर्ट होतं, आणि त्यात खाणं, पिणं, झोपणं, पोहणं, सगळं आधीच भरलेल्या पैशात. एकदा आत गेलं की खिशात हात घालायचा नाही.

कारखान्यातला त्याचा जोडीदार धर्माजी हे ऐकून म्हणाला, "म्हंजे आपल्या कॅन्टीनसारखंच हाय की. कूपन नाय, एवढंच."

उत्कर्षाची एक अट होती. आजीला न्यायचं. बाबा आणि ती दोघंच गेले तर बाबा दोन दिवस खोलीत टीव्ही बघतील आणि तिसऱ्या दिवशी परत कधी म्हणून विचारतील, हे तिला ठाऊक होतं. पासपोर्ट तिनं जानेवारीतच दोघांचेही काढून घेतले. आजीला सांगितलं, असू दे, घरात असावा. चौकशीला पोलीस माकुणसारला आला तेव्हा सगळी आळी गोळा झाली होती. राहीबाईनं काय केलं ते कुणालाच कळेना. पोलिसाला मात्र चहा आणि शहाळं दोन्ही मिळालं.

एप्रिलमध्ये उत्कर्षानं फोनवर आजीला बालीचं सांगितलं. मारुती शेजारीच बसला होता, फोन स्पीकरवर होता. राहीबाईनं आधी विचारलं, बाली म्हणजे तो सुग्रीवाचा भाऊ काय? मग सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी होती तवर तिच्या नात्यानं आली असती. आता कशाच्या नात्यानं येऊ?"

उत्कर्षा म्हणाली, माझ्या नात्यानं ये. राहीबाई म्हणाली, तुज्याबरोबर पुण्याला येईन, पण जावयाच्या मागं परदेशात हिंडणं बरं दिसत नाय. फोन ठेवल्यावर उत्कर्षा चिडली, मारुती उठून भांडी घासायला लागला. ज्याची त्याला भीती होती तेच आज कानांनी ऐकलं होतं.

तो ते मनात घेऊन फिरत होता. मेच्या मध्याला एका सकाळी चहाच्या टपरीवर दिनदर्शिकेकडे त्याचं लक्ष गेलं. अधिक महिना लागत होता. धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी येणारा, आणि त्याचा एक जून त्यातच पडत होता.

त्याला पहिला धोंडा आठवला आणि टपरीवर तो एकटाच हसला. लग्नानंतर पहिला अधिक महिना आला तेव्हा त्याच्या आईनं साताऱ्याहून निरोप धाडला होता, की जावयाला वाण द्यायची पद्धत तुमच्याकडे नसेल तर आता सुरू करा. तेहतीस नग द्यायचे, आणि वस्तू छिद्रं असलेली हवी. आईच्या मनात अर्थातच अनारसे. राहीबाईच्या घरात ही रीत फारशी कुणाला माहीत नव्हती. तिनं विचार केला, छिद्रं असलेलं आपल्या वाडीत काय आहे? आणि टेम्पोत घालून तेहतीस नारळ बोईसरला पाठवले. प्रत्येकाला तीन डोळे, म्हणजे मागितल्यापेक्षा जास्तच. चाळीतल्या प्रत्येक घरात पुढचे पंधरा दिवस नारळाची चटणी होती. मारुतीच्या आईनं कपाळाला हात लावला, पण पुढच्या भेटीत शालूला अनारसे शिकवले आणि शालूनं ते तिच्या आईला. तेव्हापासून एकही धोंडा चुकला नव्हता.

पुढच्या रविवारी मारुती माकुणसारला गेला. घरात राहीबाई, तिचा मुलगा प्रदीप आणि सून तेजल. तेजलनं दारात पाणी आणलं. मारुतीनं नको म्हटलं. चहा आणला, तोही नको. आत या म्हटलं तर ओट्याच्या कडेलाच चपला घालून बसून राहिला. तेजलनं विचारलं, बरं वाटत नाही का?

"मी रुसलोय," मारुती म्हणाला.

प्रदीपनं वर्तमानपत्र खाली केलं. गरीब स्वभावाचा, ताटात पडेल ते खाणारा हा भाऊजी. लग्नाच्या मांडवातसुद्धा याला रुसायला येत नव्हतं. घड्याळ हवं म्हणून रुसा, असं करवल्यांनी पढवून बसवलं होतं, तर यानं आहेर आणणाऱ्याचीच विचारपूस केली होती. प्रदीप हसायला लागला. तेजलनं त्याला डोळ्यांनी दाबलं आणि आत जाऊन सासूला बोलावून आणलं.

राहीबाई दारात येऊन उभी राहिली. पदर पुढे ओढला.

"साठीला आलेला मानूस रुसतो?"

"साठी व्हायला अजून दोन आठवडे आहेत. तोवर चालतं."

"काय पायजे?"

"धोंड्याचं जेवण. महिना लागला, आणि माकुणसारहून अजून बोलावणं नाही."

तिनं उंबऱ्याला हात टेकला. मग म्हणाली, "ते लेक-जावयाला मिळून असतं."

"लेक नाही. जावई आहे," मारुती म्हणाला. "निम्मं तर निम्मं घाला. पण मी इथं जेवणार नाही. एक जूनला बालीत जेवणार."

राहीबाई वळून आत गेली. प्रदीपनं वर्तमानपत्राची घडी घातली. तेजल डोकावून आली आणि हळूच म्हणाली, की त्या चुलीपुढं बसल्या आहेत, डोळे पुसतायत. मारुतीला वाटलं, आपण चुकलो. बोलायला नको होतं. तो उठून स्कूटरकडं निघाला. तेवढ्यात राहीबाई स्वतः कप घेऊन बाहेर आली.

"चहा घ्या, जावयबापू. तीस वरसांत एकदा रुसला नाय, आनि रुसला तो असा." तिनं कप त्याच्या हातात दिला. "तांदूळ भिजत घातलेत. अनारशाचं पीठ व्हायला चार दिस लागतात. पन एक सांगा. जेवन तो हॉटेलवाला घालनार, मग सासू कशाला?"

"तिथं आपलं आपण वाढून घ्यायचं असतं. मला वाढलेलं लागतं."

"पयल्यापासूनच लाडावलेत," राहीबाई म्हणाली आणि तेजलकडं बघून पहिल्यांदा हसली.

नंतरचे दिवस मारुतीचे कसे गेले ते त्यालाच कळलं नाही. नोकरीचा शेवटचा पंधरवडा, आणि पाळी सुटली की बाजार. बोईसरला त्यानं अर्धी पँट आणि निळ्या फुलांचा शर्ट घेतला. दुकानदारासमोरच बोट ओलं करून शर्टाच्या कडेवर घासून पाहिलं. बोट निळं झालं. रंग कच्चा होता, पण शर्ट आवडला होता. धर्माजी म्हणाला, "पडद्याचं कापड हाय. तुमी तळ्यात उतरू नका, सगळे पाहुणे निळे होतील." खात्यातल्या पोरांनी मग त्याला निळा देवमासाच म्हणायला सुरुवात केली.

माकुणसारला वेगळीच गडबड होती. उत्कर्षा व्हिडिओ कॉलवर रोज काही ना काही नाकारत होती. सुकी करंदी, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, न्यायची नाही. कच्ची केळी न्यायची नाहीत. नारळ तर मुळीच नाही, विमानात सुका नारळ चालतच नाही. राहीबाईचं म्हणणं होतं, की परक्या मुलखात नारळाशिवाय जायचं म्हणजे रिकाम्या हाती. उत्कर्षानं सांगितलं की बालीत नारळाचीच झाडं आहेत. मग राहीबाईला प्रश्न पडला, की जर तिथंही नारळ आणि समुद्रच असेल तर एवढ्या लांब जायचं कशाला? याचं उत्तर मारुतीनं दिलं. तो म्हणाला, इथल्या समुद्रावर आपल्याला कामं असतात.

पोहायच्या कपड्यांचा विषय निघाला तेव्हा तेजलनं राहीबाईपुढं मुद्दाम फोटो धरला. राहीबाईनं बराच वेळ बघितला. म्हणाली, केळव्याचा समुद्र जन्मभर शेजारी, पण घोट्याच्या वर पाणी कधी घेतलं नाय. आता गुडघ्यापर्यंत घेईन, लुगड्यासकट. कुणाला बघायचं असंल तर बघू दे.

अनारसे या वेळी मनासारखे झाले. पहिला घाणा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तो घरच्यांनी खाल्ला. पुढचे जाळीदार आले. वरची खसखस तेजलनं लावली. राहीबाईनं मोजून डब्यात भरले, मग त्यातला एक काढून कावळ्याला ठेवला आणि त्याच्या जागी दुसरा घातला.

एकतीस तारखेला दुपारी मारुतीची शेवटची पाळी सुटली. गेटवर हार घालून घेतला, केक कापला. केकवर एकट्या त्याचंच नाव होतं. घरी आला तर दाराला कुलूप नव्हतं. उत्कर्षा सकाळीच पुण्याहून आली होती, आणि प्रदीपनं राहीबाईला आणून सोडलं होतं. दीड वर्षानं ती या घरात आली होती. स्वयंपाकघरात तिनं डबे आपल्या पद्धतीनं लावून घेतले होते. मारुतीनं विचारलं नाही. जेवताना तिनं त्याला तिसरी भाकरी वाढली आणि त्यानं ती खाल्ली.

मग बॅगा भरायला घेतल्या. विमान सकाळचं. उत्कर्षानं वजनकाटा आणला होता. अनारशाचा डबा मारुतीच्या बॅगेत, निळ्या शर्टात गुंडाळून. रंग लागेल म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी. राहीबाईच्या बॅगेत दोन लुगडी, औषधं, आणि उत्कर्षा पाहत नसताना घातलेली चिमूटभर सुकी करंदी. ती उत्कर्षानं काढली. राहीबाईनं परत घातली. उत्कर्षानं परत काढली. मारुती खुर्चीवर बसून दोघींचं पाहत होता आणि त्याला किती महिन्यांनी मोकळं हसू येत होतं.

शेवटी राहीबाईनं आपल्या पिशवीतून वाणाचं बाकीचं काढलं. जावयाला टोपी-उपरणं. तांब्याचा दिवा. आणि त्याखाली हिरवी साडी, खण, तांदळाची पुडी.

"दुकानात गेली, सवयीनं हात गेला," ती म्हणाली. "परत कशी ठेवायची?"

उत्कर्षानं साडीला हात लावला तेव्हा राहीबाई म्हणाली, तुला मी दुसरी घेईन, ही तुजी नाय. समुद्रात सोडायची का, असं मारुतीनं विचारलं. राहीबाई म्हणाली, नवी साडी पाण्यात? शालूला आवडलं नसतं. ते खरं होतं. देवीला द्यावी, असं उत्कर्षानं सुचवलं. त्यावरही दोघांचं हो आलं नाही.

बाकी सगळं बांधून दाराशी लावून झालं आहे. पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहेत, गाडी सांगून ठेवली आहे. साडी पलंगावर आहे. तिचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.